२,८,८ पाठ आहे, पण मग कार्बनच का? नववी-दहावीला अणुरचना शिकवण्याबद्दल

सर, तुमचा प्रश्न वाचला. मुलं कार्बन २,४, ऑक्सिजन २,६ (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते) धडाधड लिहितात, कंपासने वर्तुळं पण झकास काढतात, पण "मग आपलं शरीर कार्बनचंच का, सिलिकॉनचं का नाही" असं विचारलं की वर्ग चिडीचूप. त्यात लॅब म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्ली ऑफिसात. आणि तुम्हाला जीवनावश्यक मूलद्रव्यांची अणुरचना अशी शिकवायची आहे की ती परीक्षेनंतर पण डोक्यात राहील. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत बहुतेक शाळांत हीच गत आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मी खाडीकाठच्या हायस्कुलात बरीच वर्षं विज्ञान शिकवतेय, जे चालतं ते सांगते. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे मूलद्रव्यं एकेकटी शिकवू नका. कार्बन झाला, नायट्रोजन झाला, ऑक्सिजन झाला अशी हजेरी घेतली की मुलं पण हजेरीसारखीच पाठ करतात. त्यापेक्षा जोडी लावा, आवर्तसारणीत एकाखाली एक येणारी दोन घ्या. कार्बन आणि सिलिकॉन, सोडियम आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, ऑक्सिजन आणि सल्फर. दोघांच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन सारखे, मग सजीवांनी एकाला एका कामाला लावलं आणि दुसऱ्याला भलत्याच, हे का? हा प्रश्न टाकला की रचना वापरावीच लागते, नुसती लिहून भागत नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

पण त्याच्या आधी एक तास अणूच्या मापासाठी ठेवा. पुस्तकातलं चित्र बघून सगळ्यांना वाटतं की केंद्रक म्हणजे मधला बऱ्यापैकी मोठा गोळा आणि कवचं त्याला चिकटून. कार्बनचं केंद्रक सुपारीएवढं धरलं तर अख्खा अणू साधारण पाऊण किलोमीटर रुंद होईल. मी मुलांना शाळेच्या गेटवर सुपारी ठेवून समोरच्या वाडीकडे बघायला लावते आणि सांगते की तेवढ्या जागेत मिळून सहा इलेक्ट्रॉन आहेत, बाकी काही नाही. मग मुलांना आपोआप कळतं की दोन अणू भेटतात तेव्हा भेटतात ते बाहेरचे इलेक्ट्रॉन, केंद्रकाची केंद्रकाशी गाठ पडतच नाही. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. थॉमसन १८९७ (इलेक्ट्रॉन), रदरफोर्ड १९११ (केंद्रक), बोर १९१३ (कवचं), चॅडविक १९३२ (न्यूट्रॉन) ही सनावळ पाच मिनिटांत उरकली तरी चालते, पेपरात एखाद्या मार्काला येते एवढंच.

आता सुरुवात सोडियमने करा असं मी म्हणेन, पुस्तकाचा क्रम काहीही असू दे. कारण वर्गातला सगळ्यात भारी प्रश्न इथेच येतो. रॉकेलात ठेवलेला सोडियम पाण्यात टाकला की कसा पेट घेतो ते व्हिडिओत दाखवा (प्रत्यक्ष करू नका, प्लीज), आणि गप्प बसा. कोणीतरी विचारतंच, "बाई, मिठात सोडियम हाय ना, मग मीठ जिभेवर ठेवल्यावर काय होत नाय कसं?" आमच्याकडे मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं, पुढचे सगळे हुशार लिहून घेण्यात गुंतलेले. उत्तर फळ्यावर एका इलेक्ट्रॉनचं आहे. धातूतला सोडियम २,८,१, मिठातला २,८. तो शेवटचा एक इलेक्ट्रॉन पाण्याला देताना जो काय तमाशा व्हायचा तो मिठात आधीच होऊन गेलाय, क्लोरीनने घेतलाय. प्रोटॉन तेच ११, नाव तेच, पण वागणूक पूर्ण वेगळी. "दुधात कॅल्शियम असतं", "पालकात लोह असतं" असं आपण म्हणतो तेव्हा ते सगळे आयन (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन प्रभार आलेले अणू) किंवा बंधात अडकलेले अणू असतात, धातूचे तुकडे नव्हेत, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

यावर हुशार पोरगी लगेच विचारेल की २,८ म्हणजे तर निऑन, मग मिठात निऑन आहे का? हा प्रश्न आला तर त्या दिवशी धडा पुढे नेऊ नका, तिथेच थांबा. इलेक्ट्रॉन १० दोघांकडे, पण निऑनकडे प्रोटॉन १०, सोडियमकडे ११. त्या एका जादा प्रोटॉनमुळे सोडियम आयनावर धन प्रभार आहे, पाण्याचे रेणू ऑक्सिजनच्या बाजूने त्याच्याभोवती गोळा होतात, तो पाण्यात विरघळून राहतो. निऑनला पाणी विचारत पण नाही, तो निघून जातो हवेत. म्हणजे इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनची मांडणी) हे अर्धंच सांगतं, केंद्रकात किती प्रोटॉन बसलेत ते बघितल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आता शेजारी पोटॅशियम. २,८,८,१. बाहेर एकच, देणार पण एकच. इथे तुम्हाला दुसरा पेच पडणार आहे, कारण मुलांना कवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात त्याचं २एन-वर्ग सूत्र पाठ असतं आणि एम म्हणजे तिसऱ्या कवचात १८ मावतात हे माहीत असतं, मग १९ वा इलेक्ट्रॉन एममध्ये जागा असताना चौथ्या, एन कवचात का गेला? "बाहेरच्या कवचात आठपेक्षा जास्त नसतात" असं सांगून बरेच जण सुटतात. ते खोटं नाही, पण कारण पण नाही. मी सरळ सांगते की कवचाच्या आत उपकवचं असतात, एमचं शेवटचं उपकवच एनच्या पहिल्या उपकवचापेक्षा जास्त ऊर्जेचं आहे, इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेची जागा आधी घेतो, बाकी अकरावीत. दहावीचं पोरगं एवढं पचवतं. लपवलं तर मात्र पुढे लोहाचं २,८,१४,२ बघून बिथरतं.

सोडियम-पोटॅशियमची खरी गंमत आकारात आहे. सोडियम आयनाची त्रिज्या साधारण १०२ पिकोमीटर, पोटॅशियमची १३८, कारण त्याला एक कवच जास्त. आता मुलांना विचारा, समुद्रात जास्त काय? वजनाने सोडियम पोटॅशियमच्या पंचवीसपटीहून जास्त आहे. आणि आपल्या पेशीच्या आत? तिथे उलटं, आत पोटॅशियम खच्चून आणि सोडियम बाहेर. पेशीच्या पटलात (बाहेरच्या पातळ पडद्यात) पंप आहे, तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, येन्स स्कौ यांना त्याबद्दल १९९७ चं नोबेल मिळालं. आणि पोटॅशियमसाठी वेगळी वाट आहे, तिच्यातून मोठा पोटॅशियम जातो आणि लहान सोडियम अडतो. हे ऐकून वर्गात गलका होतोच, कारण गाळणीतून लहान जातं आणि मोठं अडतं असंच सगळ्यांना माहीत. कारण असं की आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो, त्या वाटेत शिरायला ते पाणी सोडावं लागतं, आणि वाटेच्या भिंतीतले ऑक्सिजन बरोब्बर पोटॅशियमच्या मापाने बसवलेत. सोडियम लहान पडतो, त्या ऑक्सिजनपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो आपलं पाणी सोडायला तयारच होत नाही. ही रचना रॉडरिक मॅकिननने १९९८ मध्ये दाखवली आणि २००३ मध्ये नोबेल मिळवलं. एक कवच जास्त असण्याने आपल्या प्रत्येक नसेचं काम चालतंय, आणि हे सांगायला फळ्यावर दोन वर्तुळाकृती पुरतात.

याला इथली उदाहरणं भरपूर. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम चांगलं पण सोडियम कमी, म्हणून जुलाबात नुसतं शहाळं पुरत नाही, मीठ-साखर-पाणी लागतं. माडाला पोटॅश का टाकतात हे ज्यांच्या घरी बाग आहे ती मुलं सांगतात. पेण-अलिबागकडे खारेपाट आहे, तिथे भरतीचं पाणी शेतात घुसलं की भात का करपतं, तर मुळांजवळ सोडियम इतका वाढतो की झाडाला पाणी ओढणं जड जातं आणि पोटॅशियम घेणं पण. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या पनवेल १, २, ३ अशा जाती काढल्यात, शेतकऱ्याच्या पोराला त्या घरी विचारून यायला सांगा.

फ्लेम टेस्टला, म्हणजे क्षार ज्योतीत धरून रंग बघायला, लॅबची गरज नाही. माडाचे हीर तुकडे करून एक रात्र मिठाच्या दाट पाण्यात भिजवा, दुसरे मोरचुदाच्या पाण्यात, स्पिरिट दिव्यावर धरा. मिठाचा पिवळा धमक, मोरचुदाचा हिरवा. मोरचूद प्रत्येक सुपारीवाल्याकडे आणि आंबेवाल्याकडे बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी असतोच. विषारी आहे, तेव्हा हात धुवायला लावा आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका. पोटॅशच्या खताचा जांभळट दिसायला हवा पण त्यात थोडं जरी मीठ असलं तरी पिवळा रंग सगळं झाकून टाकतो, निळी काच मिळाली तर बघा, नाही तर सोडून द्या. मुद्दा एवढाच की ज्योतीची ऊर्जा घेऊन बाहेरचा इलेक्ट्रॉन वर जातो, खाली येताना ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतो, आणि प्रत्येक अणूच्या पायऱ्या वेगळ्या म्हणून रंग वेगळा. जुनी सीडी आणून ज्योतीचं प्रतिबिंब तिरकं बघा, मेणबत्तीत सगळे रंग दिसतात आणि मिठाच्या ज्योतीत पिवळाच उठून दिसतो.

आणि इथे विजयदुर्ग आणायचाच. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या रंगपटात एक पिवळी रेषा सापडली, सोडियमच्या रेषांना अगदी खेटून, पण त्यांच्या जागेवर नाही. सोडियमच्या दोन रेषांची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, ही ५८७.६ ला. तोच हेलियम. विजयदुर्ग किल्ल्यावर ग्रहण बघायला बांधलेले ओटे दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेब तिथूनच बघत होता असं सांगतात, दरवर्षी हेलियम दिन पण होतो. खरं सांगायचं तर लॉकयरने ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून बघितली, आणि ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला. मी मुलांना दोन्ही सांगते, सहल काही रद्द करत नाही. रेषा दिसल्यावर पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेने काढला. कारण? कवच पूर्ण, २, कोणाशी बंधच करत नाही, म्हणून कुठल्या संयुगात सापडत नाही. आणि म्हणूनच विश्वात हायड्रोजनच्या खालोखाल हेलियम असून एकाही सजीवाच्या शरीराच्या बांधणीत तो नाही. हायड्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन, हेलियमकडे दोन, आणि आपल्या शरीरातले मोजून साठ टक्क्यांच्या वर अणू हायड्रोजनचे. मला नाही वाटत कवचातल्या रिकाम्या जागेचं महत्त्व यापेक्षा सोपं करून सांगता येईल.

आता कार्बन-सिलिकॉन, ज्यावरून तुम्ही विचारलंत. दोघांच्या बाहेर चार. आधी मुलांनाच अंदाज करू द्या की जीव कशाचा बनायला हवा होता. भूकवचात वजनाने सिलिकॉन सुमारे २८ टक्के, कार्बन पाव टक्का पण नाही. कणकवलीकडे कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणीच आहेत, किनाऱ्यावरच्या वाळूत पण मुबलक. मग? कार्बनकडे दोनच कवचं, अणू लहान, त्यामुळे दोन कार्बन एकमेकांच्या जवळ येतात आणि बंध घट्ट होतो, साखळ्या लांबच लांब होतात, शिवाय जवळ आल्यामुळे दुहेरी-तिहेरी बंध पण जमतात. सिलिकॉन एक कवच मोठा, सिलिकॉन-सिलिकॉन बंध कच्चा, आणि ऑक्सिजन दिसला की तिकडे धाव. आता दोघांना ऑक्सिजन द्या. कार्बन दोन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून मोकळा, एकेक सुटा रेणू, वायू, पाण्यात विरघळतो, पानात शिरतो, नाकातून बाहेर जातो. सिलिकॉनला दुहेरी बंध झेपत नाही, तो चार ऑक्सिजनना एकेक हात देतो, ते पुढच्या सिलिकॉनला, असं करत अख्खा दगड तयार. म्हणजे वाळू. सिलिकॉनच्या प्राण्याने श्वास सोडला तर वाळू पडली असती असं म्हटलं की वर्ग हसतो आणि ते परीक्षेपर्यंत लक्षात राहतं.

पण "सिलिकॉन सजीवांत नसतोच" असं चुकून पण लिहून देऊ नका. भाताचं पातं हातावरून ओढलं तर कापतं ते सिलिकामुळे. भाताच्या तुसाची राखुंडी दाताला लावायचे ना आपल्याकडे, ती खरखर पण त्याचीच, तुसाच्या राखेत बहुतेक सगळं सिलिकाच उरतं. म्हणजे झाडाने सिलिकॉन वापरला, पण वापरला कवचासाठी, आतल्या यंत्रणेसाठी नाही. समुद्रातले डायाटम (एकपेशीय शैवाल) पण तेच करतात.

नायट्रोजनला मी घाईत नाही उरकत. २,५. तीन बंध आणि एक जोडी शिल्लक. ही शिल्लक जोडी मुलं चित्रात दोन टिंब म्हणून काढतात आणि विसरतात. तिला कामाला लावायचं असेल तर स्वयंपाकघरात चला. बांगडा थोडा शिळा झाला की जो वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा, म्हणजे मध्ये नायट्रोजन, त्याला तीन कार्बनगट, आणि ती जोडी मोकळी. रेणू छोटा, हवेत उडतो, नाकात जातो. त्याला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळलं की आम्लातला हायड्रोजन आयन येऊन त्या मोकळ्या जोडीवर बसतो, नायट्रोजनला आता चार बंध आणि धन प्रभार, क्षार झाला, क्षार उडत नाही, वास गेला. दोन वाट्यांत माशाचं धुवण घ्या, एकीत आगळ घाला, डोळे बांधून पोरांना हुंगायला लावा. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हंजे आई रोज केमिस्ट्रीच करते", आणि मग तिनेच घरी जाऊन आईला अमाइन शिकवलं. प्रथिनांतले आणि डीएनएतले कितीतरी नायट्रोजन ही जोडी बाळगून असतात, पण बांगड्याशिवाय ते ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं.

दुसरा भाग हवेतला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असून भाताला युरिया विकत का आणायचा? कारण दोन नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध, तोडायला एका मोलला ९४० किलोज्यूलच्या वर ऊर्जा लागते. थळला खत कारखाना आहे, अलिबागजवळ, तिथे हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया होतो. अमोनियाला साधारण साडेचारशे अंश तापमान, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडी उत्प्रेरक लागतो. आणि हेच काम भात काढल्यावर त्याच जमिनीत पेरलेला वाल थंडीत, मातीत, बिनआवाज करतो. वाल जोमात असताना एक झाड हलकेच मुळासकट उपटा, मुळं पाण्यात धुवा, बारीक गाठी दिसतील. एक गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी दिसली तर चालू आहे, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्याच्या जवळचा नातलग, मध्ये लोहाचा अणू. तो ऑक्सिजन धरून ठेवतो कारण नायट्रोजन फोडणारं विकर ऑक्सिजनने बिघडतं, आणि त्या विकरात पुन्हा लोह आणि मॉलिब्डेनम. एका गाठीत नायट्रोजन, ऑक्सिजन, लोह, मॉलिब्डेनम चारही. भिंगातून बघू द्या, घाई करू नका.

मॅग्नेशियम-कॅल्शियमसाठी अळू. दोन भांड्यांत अळूची पानं उकळा, एकात आमसुलं टाका. आमसुलाच्या भांड्यातली पानं थोड्याच वेळात मळकट, शेवाळी तपकिरी होतात. हरितद्रव्याच्या मध्ये मॅग्नेशियम आयन चार नायट्रोजनच्या मधोमध बसलेला असतो, आम्ल त्याला हुसकून तिथे हायड्रोजन बसवतं, रंग गेला. आणि त्याच अळवाने घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी. एकाच पानात दोघं शेजारी, दोघांनी दोन-दोन इलेक्ट्रॉन दिलेले, पण कॅल्शियम २,८,८ म्हणून मोठा, मॅग्नेशियम २,८ म्हणून लहान. लहान आयनावर तेवढाच प्रभार म्हणजे पाणी जास्त घट्ट धरणार. समुद्रात मॅग्नेशियम वजनाने कॅल्शियमच्या तिप्पट आहे, तरी तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांची कवचं कॅल्शियम कार्बोनेटचीच, कारण मॅग्नेशियम आपलं पाणी सोडून घन व्हायला सहजासहजी तयार होत नाही. पावसाळ्यात मिठागरातलं खडा मीठ बरणीत पाझरतं ना, ते पण त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शिंपल्यावर लिंबू पिळून बुडबुडे बघा, ते मुलांना आधीच माहीत असतं, पाच मिनिटं पुरे.

ऑक्सिजन-सल्फर थोडक्यात. पाणी १०० अंशाला उकळतं, हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला. रचना तीच, बाहेर सहा-सहा, पण ऑक्सिजन लहान आणि इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचणारा, त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. सल्फर तेवढं खेचत नाही. ओहोटीला खारफुटीत काळा चिखल तुडवला की सडक्या अंड्याचा वास येतो, तिथे हवा पोचत नाही, जिवाणू समुद्राच्या पाण्यातला सल्फेट वापरून श्वसन करतात आणि हा वायू सोडतात, चिखल काळा होतो तो लोहाच्या सल्फाइडने. कोळीवाड्यातली मुलं हे तुमच्यापेक्षा छान वर्णन करतील, त्यांना बोलू द्या.

फॉस्फरस राहिला. डीएनएची पाठ, एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू), हाडं, आणि आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात म्हणून खत टाकून पण झाडाला कमी मिळतो, एवढं पुरे. वेळ असेल तर खाली आर्सेनिक दाखवा, बाहेर तेच पाच, म्हणून शरीर फसतं आणि फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट घेतं, तो विष असण्याचं हे एक कारण. लोहाला मात्र एक वेगळा अर्धा तास द्या, कारण तो कधी दोन देतो कधी तीन, आणि नुकतं शिकवलेलं अष्टक (बाहेर आठ इलेक्ट्रॉनचा नियम) तिथे मोडतं. मोडू द्या. रक्तात ऑक्सिजन धरणारा लोह आणि चिऱ्याचा तांबडा रंग हे एकाच अणूचे दोन अवतार. चिंबोरीचं रक्त मात्र निळसर, तिच्याकडे ऑक्सिजन धरायला लोहाऐवजी तांबं आहे. आयोडीन ५३ व्या क्रमांकाचा, माणसाला लागणाऱ्यांत सगळ्यात जड, थायरॉइडसाठी, बाहेर क्लोरीनसारखेच सात. झालं.

एक गोष्ट शिकवताना टाळा, "अणूला अष्टक पूर्ण करायची इच्छा असते" हे वाक्य. पुस्तकांत, गाइडात, क्लासमध्ये सगळीकडे आहे. मुलं मग उत्तरात अणूला सुखी, दुःखी, समाधानी करतात आणि कारण म्हणून तेवढंच लिहितात. त्याऐवजी कुठे ऊर्जा कमी होते ते विचारा. आणि इलेक्ट्रॉन सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे फिरतात असं पण सांगू नका, वर्तुळ हा हिशोब मांडायचा तक्ता आहे एवढंच म्हणा.

पेपरचं म्हणाल तर चाचणीत मी संरूपण लिहा हा प्रश्न एकच ठेवते, बाकी सगळे कारणाचे. उदाहरणार्थ, सोडियम आयन आणि निऑन यांत साम्य काय आणि फरक काय. किंवा, हायड्रोजन सल्फाइड वायू आहे पण पाणी द्रव का. बोर्डाच्या पेपरात "शास्त्रीय कारणे लिहा" असतंच, त्यामुळे हे वाया जात नाही, आणि पालकांनी "पोर्शन कधी संपणार" विचारलं तर तेच सांगा.

आणि वेळापत्रक पुस्तकाच्या क्रमाने ठेवू नका, इथल्या हवेने ठेवा. अळू पावसातच घ्या, तेव्हा परड्यात फुकट मिळतं. फ्लेम टेस्ट दिवाळीनंतर, कारण त्याआधी हीर दमट राहतात, नुसता धूर होतो. नायट्रोजनचा हवेतला भाग वालासाठी डिसेंबर-जानेवारीपर्यंत राखून ठेवा आणि ज्याचं शेत आहे त्याला आधी विचारा, नाहीतर पोरं उत्साहात अख्खी सरी उपटून आणतात.